जीर्ण ध्वज आणि यंत्रभरत : रत्नागिरीच्या संदर्भात एक शब्दविचार

रत्नागिरीसारख्या बंदराच्या गावी ध्वजाचे आयुष्य वाऱ्याच्या हाती असते. उन्हाने रंग विटतो, खाऱ्या हवेने सूत कुजते आणि नैऋत्येच्या पावसाळी वाऱ्याने काठीपासून दूरची कड आधी उसवते. वादळाची सूचना देण्यासाठी बंदरावर चढविला जातो तो 'बावटा'; गुजरातीतील 'वावटो' हा त्याचाच सगोत्र शब्द होय. 'ध्वज' व 'पताका' संस्कृतातून आले, 'निशाण' फारसीतून. पेशवाईतील 'जरीपटका' या नावाचे पूर्वपद फारसी 'जर' म्हणजे सोने यावरून सिद्ध झाले आहे. ध्वजवस्त्रावरील कारागिरी म्हणजे वैभवाची खूण, हा संकेत या नावातच साठविलेला आहे.

अलीकडे यंत्रभरताच्या व्यवसायात याच्या नेमका उलट असा एक नमुना रूढ झाला आहे. काळ्या अथवा गडद निळ्या कापडावर झिजलेल्या, विरलेल्या ध्वजाची आकृती भरावयाची, हे त्याचे स्वरूप. रत्नागिरीच्या कारागिरापुढे असे काम आले, तर त्याने ते कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही.

प्रथम यंत्राचा इतिहास पाहावा. जोझुए हाइलमान याने १८२८ साली म्यूलूझ येथे भरतकामाचे हातयंत्र सिद्ध केले. १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्ली याने धोट्यावर चालणारे 'शिफ्ली' यंत्र रचले. 'शिफ्ली' म्हणजे लहानशी होडी. धोट्याच्या आकारावरून हे नाव पडले. आजची संगणकनियंत्रित यंत्रे प्रत्येक टाक्याची जागा आधीच ठरवून घेतात. गडद कापडावर फिकट दोरा वापरताना खालचा रंग डोकावू नये म्हणून टाके दाट घालावे लागतात व त्यांखाली अस्तराचे टाकेही घ्यावे लागतात. जीर्ण ध्वजाच्या नमुन्यात मात्र हाच दोष गुण ठरतो. टाके मुद्दाम विरळ ठेवतात, कडा वेड्यावाकड्या तोडतात, आणि मधून दिसणारे काळे कापड हेच झीज म्हणून पुढे येते. 'भरत' हा शब्द 'भरणे' या धातूपासून आला आहे; येथे परिणाम साधतो तो न भरलेल्या जागेमुळे.

अमेरिकेत या नमुन्याला ऐतिहासिक पार्श्वभूमी आहे. बाल्टिमोरच्या मेरी पिकर्सगिल हिने १८१३ साली शिवलेला ३० फूट रुंद व ४२ फूट लांब ध्वज १८१४ च्या तोफमाऱ्यानंतर किल्ल्यावर फडकविला गेला. पुढे स्मृतिचिन्हे म्हणून त्याचे तुकडे कापून वाटले गेले आणि त्याची लांबी ३४ फुटांवर आली. म्हणजे युद्धाची साक्ष मानली जाणारी त्याची जीर्णता बऱ्याच अंशी कात्रीची आहे. तथापि त्या समाजात फाटका ध्वज टिकून राहण्याचे प्रतीक बनला, हे खरे.

भारतीय परंपरेने जीर्ण वस्तूला प्रामुख्याने दोन मार्ग दिले. देवालयाचा जीर्णोद्धार करावा. खंडित मूर्तीचे विसर्जन करावे. २००२ ची ध्वजसंहिता, जाणूनबुजून असो वा नसो, याच वळणाने जाते. फाटलेला अथवा अस्ताव्यस्त राष्ट्रध्वज लावू नये, आणि तो खराब झाल्यास खाजगीरीत्या, शक्यतो जाळून, संपूर्ण नष्ट करावा, असे ती सांगते. यंत्राला तिचा विरोध उरलेला नाही. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रनिर्मित व पॉलिएस्टरचे ध्वजही मान्य झाले; अशोकचक्र योग्य रीतीने भरलेले असण्यासही मुभा आहे. परंतु राष्ट्रीय प्रतिष्ठेचा अपमान रोखणाऱ्या १९७१ च्या अधिनियमात उशा, रुमाल, अंतर्वस्त्रे किंवा पोशाखाचे कापड यांवर राष्ट्रध्वज भरण्यास वा छापण्यास मनाई आहे. भरतकाम ध्वजाची सेवा करू शकते. ध्वज मात्र भरतकामाचे निमित्त होऊ शकत नाही.

तिसरा मार्ग जतनाचा. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांच्या नावाशी निगडित असलेल्या पुण्याच्या केसरी-मराठा ग्रंथालयात एक जुना ध्वज ठेवलेला आहे. मादाम कामा यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये स्टुटगार्ट येथे फडकविलेल्या ध्वजाशी त्याचा संबंध जोडला जातो. इंदुलाल याज्ञिक यांनी तो भारतात आणला. त्याच्या मध्यपट्टीवर देवनागरीत 'वंदे मातरम्' ही अक्षरे आहेत. अशा वस्त्राचे जुनेपण आदरास पात्र ठरते, कारण ते काळाने दिलेले आहे. कोणी ते योजिलेले नाही.

भाषा हा भेद पूर्वीपासून जाणते. 'जीर्ण' हे आपोआप झालेले असते, 'फाडलेले' हे कोणीतरी केलेले असते. जे झिजलेले नाही पण झिजल्यासारखे दाखविले आहे, त्याला मराठीत रूढ शब्द नाही. हेतू नसून हेतूसारखा भासतो तो हेत्वाभास. त्याच धर्तीवर यास 'जीर्णाभास' म्हणता येईल. ज्या किनाऱ्यावर कापडाला खरी जीर्णता आणावयास एक पावसाळा पुरतो, तेथे जीर्णाभासाचे नावीन्य फारसे वाटू नये. रत्नागिरीच्या कारागिराने ते काम नाकारले, तर त्यास कायद्याचा आधार आहेच; त्याहून जुना आधार त्याच्या बोलीतील या एका भेदाचा आहे.