गोकुई: कसबाचं आढं

जपानी शिकताना 'गोकुई' हा शब्द वहीत उतरवला, तेव्हा त्यातल्या पहिल्या चित्राक्षरापाशी मी थबकलो. त्याचा मूळ अर्थ घराचं आढं, छपराचा सर्वांत उंच वासा. दुसऱ्या अक्षराचा अर्थ मन, मनातला हेतू. कसबाचं जे अंतिम मर्म, ते गोकुई.

पूर्वी जपानात हे मर्म घराण्याबाहेर जात नसे. नो नाट्याचा थोर नट झेआमी याने 1400 च्या सुमारास 'फूशिकादेन' लिहायला घेतलं, ते वारसांसाठी. त्यातल्या शेवटच्या भागाबद्दल त्याची ताकीद कडक आहे: एकुलता एक मुलगा असला, तरी पात्रता नसेल तर त्याला हे देऊ नये. 1909 मध्ये इतिहासकार योशिदा तोगो यांनी झेआमीचे ग्रंथ छापले, तेव्हा ते सर्वांसाठी खुले झाले.

तलवारबाजीच्या घराण्यांतही शिष्याकडून शपथपत्र घेत आणि गुपितं टप्प्याटप्प्याने देत. तलवारबाज मियामोतो मुसाशीने हे नाकारलं. 1645 मध्ये पूर्ण झालेल्या 'गोरिन नो शो' या आपल्या ग्रंथात तो सांगतो, की प्रत्यक्ष लढताना वरवरचं आणि आतलं असा भेदच उरत नाही. डोंगरात खोल खोल शिरणारा माणूस शेवटी पुन्हा वेशीपाशीच निघतो.

मला मुसाशीचं पटतं. वहीचं पहिलं पान मी आजही रोज गिरवतो. एकेक रेघ, सावकाश. मर्म तिथेच असणार, अशी माझी श्रद्धा आहे.