१३३ वेडे आणि एक रकाना

शुक्रवारी रात्री साडेनऊपर्यंत एका रिपोर्टशी झटापट चालली होती. आकडे काही केल्या जुळेनात. शेवटी सापडलं! फाइल वाचताना एक रकाना सरकला होता आणि एकाचे आकडे भलत्याच्याच नावावर पडत होते. दोन ओळी बदलल्या आणि घरी आलो. काल चहा पिताना याच जातीचा एक जुना बग आठवला. तो मात्र कुणी दुरुस्तच केला नाही.

साल १८४०, देश अमेरिका. तिथल्या खानेसुमारीत त्या वर्षी पहिल्यांदाच 'वेडे आणि मतिमंद' मोजले गेले. निकाल काय? दक्षिणेत, जिथे गुलामगिरी होती, तिथे १५५८ कृष्णवर्णीयांमागे एक वेडा. उत्तरेतल्या मुक्त राज्यांत १६२ मागे एक! गुलामगिरीवाल्यांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. म्हणे, बघा, स्वातंत्र्य या लोकांच्या डोक्याला झेपतच नाही.

एडवर्ड जार्विस नावाच्या डॉक्टरनेही १८४२ मध्ये आधी हे आकडे खरे मानून लेख लिहिला. मग त्याला शंका आली आणि तो गावागावांचे तक्ते काढून बसला. (ही बैठक आपल्या ओळखीची आहे, नाही का?) ज्या गावांत एकही कृष्णवर्णीय राहत नव्हता, तिथेही वेडे कृष्णवर्णीय नोंदलेले! वूस्टर गावात एकूण कृष्णवर्णीय १५१, त्यातले वेडे १३३. हे १३३ म्हणजे तिथल्या सरकारी वेड्यांच्या इस्पितळातले चक्क गोरे रुग्ण. फॉर्मवर रकान्यांची ही दाटी, त्यात गोऱ्यांचे आकडे काळ्यांच्या रकान्यात गेले. जार्विसने त्याच वर्षी आपली चूक छापून कबूल केली.

न्यूयॉर्कचे डॉ. जेम्स मॅक्यून स्मिथ स्वतः कृष्णवर्णीय. अमेरिकेतल्या कॉलेजांनी दारं बंद केली म्हणून ग्लासगोला जाऊन डॉक्टर झालेले. १८४४ मध्ये त्यांनीही हे आकडे खोडून काढले. बॉस्टनच्या अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने काँग्रेसकडे अर्ज केला. पण त्याच वर्षी परराष्ट्रमंत्री जॉन कॅलहून ब्रिटिश वकिलाला लिहिलेल्या पत्रात हेच आकडे गुलामगिरीच्या समर्थनार्थ पुढे करत होता. आणि तपासणी कुणाकडे दिली? ज्याने ही खानेसुमारी करून घेतली, त्याच अधिकाऱ्याकडे! निष्कर्ष सांगायलाच नको. तिकीट क्लोज्ड.

पुढे १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने गुलामाने पळून जाणं हाच एक मनोविकार ठरवला. नाव 'ड्रेपटोमेनिया', उपाय चाबूक. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने मानसोपचारातल्या वर्णद्वेषाबद्दल माफी मागितली ती जानेवारी २०२१ मध्ये.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. आईपासून तोडून विकलेल्या पोराच्या मनाचं काय होत असेल, यासाठी त्या फॉर्मवर रकानाच नव्हता. दुखणं खरं होतं, पण ते मोजायला कुणी गेलं नाही. मोजलं ते त्यांच्या माथी मारलेलं वेड.

माझ्या सरकलेल्या रकान्याने फार तर एकाची शुक्रवारची संध्याकाळ गेली. पण यापुढे कुणी 'अमुक लोकांचं डोकंच तसलं' म्हणत आकडे फेकले, की मी आधी विचारणार, तक्ता भरला कुणी आणि तपासला कुणी?

असो. चहा गार झाला.