साखळी दुकानांतील शोभेचे मासे : निगेचे निकष आणि विक्रेत्याची जबाबदारी

पाळीव प्राण्यांची विक्री करणाऱ्या मोठ्या साखळी दुकानांत मासा हा बहुधा सर्वांत स्वस्त जीव असतो. लहान गोल्डफिश किंवा निऑन टेट्रा यांची किंमत पाण्यातील अमोनिया मोजण्याच्या संचापेक्षाही कमी असते. जीव स्वस्त आणि त्याची निगा महाग, या विसंगतीतून शोभेच्या माशांच्या व्यापारातील बहुतेक प्रश्न उद्भवतात. मेलेल्या माशाच्या जागी नवा मासा ठेवणे हे त्या माशावर उपचार करण्यापेक्षा सोपे ठरते. अशा परिस्थितीत निगेचे निकष कोण ठरविणार आणि ते दुकानात प्रत्यक्ष कोण पाळणार, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

साखळी दुकानांचा विस्तार

पाळीव प्राण्यांच्या साखळी दुकानांची वाढ प्रामुख्याने अमेरिका व ब्रिटनमध्ये झाली. अमेरिकेतील पेटको या कंपनीचा प्रारंभ १९६५ मध्ये झाला, तर पेटस्मार्टची पहिली दुकाने १९८७ मध्ये ॲरिझोना राज्यातील फिनिक्स परिसरात सुरू झाली. ब्रिटनमधील पेट्स ॲट होम या साखळीचे पहिले दुकान १९९१ मध्ये चेस्टर येथे उघडले. त्यापूर्वी शोभेचे मासे मुख्यतः लहान दुकानांत मिळत असत आणि मालक स्वतःच माशांचा जाणकार असे. साखळी दुकानांत ही परिस्थिती पालटली. निगेची पद्धत मुख्यालयात ठरू लागली आणि ती अमलात आणण्याचे काम ताशी वेतनावरील कर्मचाऱ्यांकडे आले. हा कर्मचारी सकाळी टाक्या स्वच्छ करतो, दुपारी कुत्र्यांच्या खाद्याची पोती रचतो आणि सायंकाळी गल्ल्यावर बसतो.

या व्यवस्थेचे काही लाभही आहेत. मोठ्या दुकानांतील अनेक टाक्यांचे पाणी एकाच मध्यवर्ती गाळण यंत्रणेतून फिरविले जाते. पाण्याचा एकूण साठा मोठा असल्याने तापमान व रासायनिक घटक स्थिर राहतात. मात्र एका टाकीतील रोगजंतू त्याच मार्गाने इतर टाक्यांत पोहोचू शकतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग हे त्याचे परिचित उदाहरण आहे. त्यामुळे नव्याने आलेले मासे काही काळ वेगळे ठेवणे आणि फिरत्या पाण्यावर अतिनील किरणांची प्रक्रिया करणे आवश्यक ठरते.

न दिसणारे विष

माशाच्या निगेचा मुख्य निकष म्हणजे पाण्याची गुणवत्ता. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया उत्सर्जित करतात. उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनिया तयार होतो. नदीत किंवा तलावात तो पाण्याच्या विस्तारात विरून जातो, काचेच्या टाकीत साचत जातो. फिल्टरमध्ये वाढणारे उपयुक्त जीवाणू अमोनियाचे रूपांतर प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये करतात. नायट्राइटमुळे माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. नव्या टाकीत या जीवाणूंची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात.

टाकी आणि मासे एकाच दिवशी खरेदी करून घरी नेले, तर अनेकदा ते मासे काही दिवसांतच दगावतात, त्याचे कारण हेच आहे. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत असते, परंतु मुक्त अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. पाण्याचा सामू व तापमान वाढल्यास त्याची विषारी मात्राही वाढते. ही माहिती विक्रीच्या वेळी दिली गेली, तर ग्राहक टाकी आधी नेतो व मासे नंतर. ती दिली गेली नाही, तर ग्राहक दुसऱ्यांदा मासे घेण्यास येतो.

पेल्यातील फायटर, भांड्यातील गोल्डफिश

साखळी दुकानांवरील टीकेत दोन माशांचा उल्लेख वारंवार येतो. पहिला फायटर. मूळचा थायलंड परिसरातील हा मासा पृष्ठभागावर येऊन हवेतील प्राणवायू घेऊ शकतो. त्याचे नर एकमेकांवर हल्ला करतात. या दोन गुणांमुळे अमेरिकेतील अनेक साखळी दुकानांत तो प्लॅस्टिकच्या लहान पेल्यांत, फळीवर रचून विकला जात आला आहे. तो हवेतून श्वास घेऊ शकत असला, तरी अमोनियापासून त्याचे संरक्षण होत नाही. शिवाय हा उष्ण प्रदेशातील मासा असून त्याला सुमारे २४ ते २८ अंश सेल्सियस तापमानाचे पाणी मानवते. वातानुकूलित दुकानातील पेल्यात ते टिकत नाही. थायलंडने २०१९ मध्ये याच माशाला राष्ट्रीय जलचराचा दर्जा दिला.

दुसरा गोल्डफिश. हा मासा अल्पायुषी असल्याचा समज सर्वत्र रूढ आहे. प्रत्यक्षात योग्य निगा राखल्यास तो दहा ते वीस वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक जगतो. ब्रिटनमध्ये १९५६ साली एका जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश ४३ वर्षे जगून १९९९ मध्ये मरण पावला आणि त्याची नोंद गिनीज विक्रमांत झाली. वाटोळ्या काचेच्या भांड्यात मात्र पाण्याचा साठा अपुरा पडतो आणि फिल्टर बसविणेही कठीण जाते. इटलीतील रोम शहराने २००५ मध्ये अशा भांड्यांत मासे ठेवण्यास मनाई केली. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून लागू झालेल्या प्राणिसंरक्षण नियमांनुसार मत्स्यालय सर्व बाजूंनी पारदर्शक असू नये, असे बंधन आहे. माशाला आडोसा हवा, हा त्यामागील विचार होय.

माशाला वेदना होतात काय, या प्रश्नाचाही येथे संबंध येतो. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ट्राउट माशाच्या डोक्यावर वेदनाकारक उद्दीपने टिपणारी ज्ञानेंद्रिये असल्याचे दाखवून दिले. ओठांना आम्लाची बाधा झालेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासत असल्याचे व त्यांच्या श्वसनाचा वेग वाढल्याचे त्यांना आढळले. याच्या अर्थाबाबत काही शास्त्रज्ञांचे मतभेद आहेत. तथापि, माशाला काहीच जाणवत नाही, असे ठामपणे सांगणे आता सोपे राहिलेले नाही.

कायदा काय सांगतो

इंग्लंड व वेल्समध्ये प्राणिकल्याण कायदा, २००६ हा सर्व पृष्ठवंशीय प्राण्यांना लागू असल्याने मासेही त्याच्या कक्षेत येतात. या कायद्यानुसार सोळा वर्षांखालील मुलांना प्राणी विकता येत नाहीत. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१८ पासून विक्रेत्यांसाठी नवी परवाना पद्धती लागू झाली. तपासणीनंतर दुकानाला एक ते पाच तारे दिले जातात आणि परवान्याची मुदत एक ते तीन वर्षे असते.

या पद्धतीतील मार्गदर्शक सूचनांत माशांसाठी पाण्याचे निकष आकड्यांत दिलेले आहेत. गोड्या पाण्यातील माशांसाठी मुक्त अमोनिया प्रतिलिटर ०.०२ मिलिग्रॅमपेक्षा आणि नायट्राइट ०.२ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, तर विरघळलेला प्राणवायू किमान ६ मिलिग्रॅम असावा. समुद्री माशांसाठी अमोनियाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे निम्मी आहे. मध्यवर्ती यंत्रणेतील पाण्याची तपासणी आठवड्यातून किमान एकदा करणे अपेक्षित आहे. टाकीत किती मासे ठेवावेत, याची संख्या ठरवून देण्याऐवजी पाण्याचा दर्जा हाच निकष मानण्यात आला आहे. माशांची जात, आकार व फिल्टरची क्षमता यांनुसार संख्या बदलते, पाण्याचे मोजमाप मात्र कोणत्याही दुकानात त्याच पद्धतीने करता येते. जर्मनीतही पृष्ठवंशीय प्राण्यांच्या व्यावसायिक विक्रीसाठी परवाना लागतो आणि जबाबदार व्यक्तीला आपले विषयज्ञान सिद्ध करावे लागते.

अमेरिकेतील स्थिती भिन्न आहे. तेथील १९६६ चा केंद्रीय प्राणिकल्याण कायदा उष्ण रक्ताच्या प्राण्यांपुरता मर्यादित असून मासे त्यातून वगळले गेले आहेत. राज्यांचे कायदे एकसारखे नाहीत. परिणामी साखळी दुकानांतील माशांची निगा बऱ्याच अंशी कंपनीच्या अंतर्गत नियमावलीवर आणि दुकानातील कर्मचाऱ्यावर अवलंबून राहते. वॉलमार्ट या विक्रेता साखळीने २०१९ मध्ये आपल्या दुकानांतील जिवंत माशांची विक्री बंद केली.

कर्मचाऱ्याची भूमिका

पाण्याचे निकष आकड्यांत लिहिता येतात, कर्मचाऱ्याची वृत्ती तशी लिहिता येत नाही. तरीही कायद्याने त्या दिशेने काही पावले टाकली आहेत. इंग्लंडमधील २०१८ च्या नियमांनुसार विक्री करणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांना ग्राहकाला सल्ला देण्याचे प्रशिक्षण मिळालेले असावे लागते, प्राण्याच्या निगेची माहिती ग्राहकाला द्यावी लागते आणि सोबत विकलेले साहित्य त्या प्राण्यास योग्य असावे लागते. याचा अर्थ, गोल्डफिशसोबत अपुऱ्या आकाराचे भांडे विकणे ही निव्वळ बेफिकिरी न राहता नियमभंग ठरू शकतो.

अनास्था नेहमी निष्ठुरतेतूनच येते असे नाही. मासा ओरडत नाही, लंगडत नाही, त्याचा आजार अननुभवी डोळ्याला जाणवत नाही. माल उतरविण्याच्या दिवशी शेकडो मासे एकदम येतात आणि प्रवासाच्या ताणामुळे त्यांतील काही मरतात. रोज सकाळी जाळीने मृत मासे काढून त्यांची नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या मनात हळूहळू हा नुकसानीचा नेहमीचा हिशेब ठरतो. कर्मचारी वारंवार बदलत असल्यास अनुभवही साचत नाही. याउलट, स्वतः घरी मत्स्यालय सांभाळणारे अनेक जाणकार तरुण अशा दुकानांत नोकरी करतात. कोणत्या टाकीतील मासा विकू नये हे त्यांना कळते, मात्र ‘हा मासा आज देता येणार नाही’ असे सांगण्याचा अधिकार त्यांना असतोच असे नाही.

मासा ठरावीक दिवसांत मेल्यास बदलून देण्याची हमी अनेक साखळ्या देतात. ही सवलत ग्राहकाच्या सोयीची असली, तरी तिच्यामुळे जिवंत प्राणी आणि बिघडलेली वस्तू यांतील अंतर पुसट होते. काही दुकाने मृत माशासोबत टाकीतील पाण्याचा नमुना आणण्यास सांगतात. पाणी तपासून दोष कळल्यावरच नवा मासा दिला जातो. तीच हमी अशा प्रकारे वापरली, तर पुढील माशाचा जीव वाचू शकतो.

भारतातील चित्र

भारतात शोभेच्या माशांचा व्यापार आजही प्रामुख्याने लहान दुकाने व बाजारपेठांतून चालतो. मुंबईतील क्रॉफर्ड मार्केट व कुर्ला, चेन्नईतील कोलत्तूर आणि कोलकात्यातील गॅलिफ स्ट्रीट ही त्याची परिचित ठिकाणे. अलीकडे महानगरांत साखळी दुकानेही उघडली आहेत.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा मानव वगळता सर्व सजीव प्राण्यांना लागू आहे. म्हणजे मासा त्याच्या कक्षेत येतो. मात्र या कायद्यात पहिल्या अपराधासाठी दहा ते पन्नास रुपये दंडाची तरतूद करण्यात आली होती आणि ही रक्कम एखाद्या माशाच्या किमतीएवढीच भरते. केंद्र सरकारने मे २०१७ मध्ये मत्स्यालये व मासेविक्रीच्या दुकानांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यांत दुकानांची नोंदणी सक्तीची करण्यात आली होती आणि १५८ जातींच्या माशांवर निर्बंध घालण्यात आले होते. व्यावसायिक व मत्स्योत्पादकांच्या तीव्र विरोधानंतर हे नियम मागे घेण्यात आले. जातींची यादी वादग्रस्त ठरली आणि तिच्यासोबत निगेचे निकषही मागे पडले.

माहिती न देता झालेल्या विक्रीचे परिणाम दुकानापुरते राहत नाहीत. ‘टाकी साफ करणारा’ म्हणून विकला जाणारा बोटभर लांबीचा सकर मासा पुढे फूटभर किंवा त्याहून मोठा होतो. तो टाकीत मावेनासा झाला की अनेकजण दयाबुद्धीने त्याला तलावात सोडतात. देशातील अनेक जलाशयांत हा परदेशी मासा पसरला असून स्थानिक माशांना व मच्छीमारांच्या जाळ्यांना त्याचा उपद्रव होतो. मासा पूर्ण वाढल्यावर किती मोठा होतो, हे एक वाक्य विक्रीच्या वेळी सांगितले गेले असते, तर यातील काही विक्री झालीच नसती.

ग्राहकाने काय पाहावे

दुकानाचा दर्जा ओळखण्यासाठी काही साध्या खुणा उपयोगी पडतात. टाकीत मृत मासा तसाच पडलेला नसावा. मासे पंख मिटून तळाशी बसलेले किंवा पृष्ठभागावर धापा टाकत असलेले नसावेत. अंगावर पांढरे ठिपके असलेला मासा ज्या टाकीत असेल, त्या टाकीतील कोणताही मासा घेऊ नये. पाणी शेवटचे केव्हा तपासले, असे विचारल्यास उत्तर मिळावयास हवे.

याहून महत्त्वाची खूण म्हणजे विक्रेत्याने विचारलेले प्रश्न. टाकी किती लिटरची आहे, ती केव्हा सुरू केली, तिच्यात आधीपासून कोणते मासे आहेत, असे विचारणारा कर्मचारी ग्राहकाचा काही वेळ घेतो आणि प्रसंगी त्या दिवशीची विक्रीही गमावतो. टाकी अद्याप तयार झालेली नाही, चार आठवड्यांनी या, असे सांगून ग्राहकाला रिकाम्या हाताने परत पाठविणारे दुकान माशांच्या खरेदीसाठी विश्वासार्ह समजण्यास हरकत नाही.