न पाहिलेल्या रणांचा चित्रकार

राष्ट्राचा इतिहास पंडित ग्रंथांतून वाचतात; सामान्य लोक मात्र तो पुष्कळदां चित्रांवरून ओळखतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इटलीच्या घराघरांत असा इतिहास ज्यानें पोहोंचविला, तो चित्रकार म्हणजे आकिल्ले बेल्त्रामे. त्याचा जन्म 1871 सालीं आर्झिन्यानो गांवीं झाला. 8 जानेवारी 1899 रोजीं मिलान शहरांतून 'दोमेनिका देल कोरिएरे' हें सचित्र साप्ताहिक निघालें, आणि त्याच्या मुखपृष्ठाचें काम बेल्त्रामेकडे आलें. 1945 सालीं तो वारला. तोंपर्यंत त्याच्या हातून साडेचार हजारांहून अधिक चित्रें उतरलीं होतीं.

1900 सालीं मोंझा येथें झालेला राजा उंबेर्तोचा खून, 1908 चा मेस्सिनाचा भूकंप, 1911 चें लिबियाचें युद्ध, 1914 चा साराजेव्होचा गोळीबार: हे सारे प्रसंग लोकांनीं त्याच्याच रंगांत पाहिले. नवल असें कीं, यांतील रणांगणें त्यानें स्वतः पाहिलीं नव्हतीं. तो मिलान सोडून क्वचितच बाहेर पडे. बातमीदारांचीं पत्रें आणि मिळतील तीं छायाचित्रें समोर ठेवून तो प्रसंगाचा ऐन क्षण निवडी. धांवता शिपाई किंवा फुटता गोळा टिपणें त्या काळच्या कॅमेऱ्याला कठीण होतें. तें काम त्याचा कुंचला करी.

एन्रीको तोतीचें उदाहरण पाहावें. हा रोमचा तरुण. 1908 सालीं रेल्वेच्या अपघातांत त्याचा एक पाय गेला. तरीहि तो सायकलवरून युरोपभर हिंडला आणि पुढें हट्टानें आघाडीवर गेला. 6 ऑगस्ट 1916 रोजीं मोन्फाल्कोनेजवळ तो पडला. मरतांना त्यानें आपली कुबडी शत्रूवर फेकली, अशी कथा पसरली. बेल्त्रामेनें तो क्षण त्याच वर्षीं रंगविला, आणि कुबडी उगारलेला तोती राष्ट्राच्या मनांत कायमचा ठसला. रोमच्या पिंचो टेकडीवर त्याचा पुतळाहि उभा राहिला. ही कथा जशी सांगितली जाते तशीच घडली काय, याविषयीं पुढें इतिहासकारांनीं शंका घेतली. चित्र मात्र शंकेला जागा ठेवीत नाहीं.

येथेंच या कलेचें सामर्थ्य आहे आणि धोकाहि. त्या युद्धांत इटलीचे सुमारें सहा लाख सैनिक मेले. ऑक्टोबर 1917 मध्यें कापोरेत्तोच्या पराभवांत अडीच लाखांहून अधिक कैद झाले. सुमारें साडेसातशें जणांना तर त्यांच्याच सैन्यानें लष्करी न्यायालयाच्या हुकुमानें गोळ्या घातल्या. सेन्सॉरच्या अमलांत अशा मरणाला मुखपृष्ठ मिळणें शक्य नव्हतें.

म्हणून बेल्त्रामेचीं चित्रें टाकाऊ ठरत नाहींत. युद्ध कसें झालें याची साक्ष तीं अपुरी देतात. परंतु ज्या घरांतून मुलगे आघाडीवर गेले, त्या घरांना युद्ध कसें दाखविलें गेलें याची साक्ष त्यांच्याइतकी स्पष्ट दुसरी क्वचितच सांपडेल.