चोथ्याची प्रतिष्ठा

पनवेलहून रोह्याकडे जाताना पेणच्या अलीकडे हमरापूर लागते. गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी हे गाव सर्वांना माहीत आहे. पावसाळ्यात भात आणि कापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल, हा या भागातला पिकांचा जुना क्रम. ताटातली भात व बिरड्याची जोडीही त्यातूनच आली. अशा जोडीतल्या कडधान्याचा रक्तातील साखरेशी काय संबंध आहे, हे मात्र विज्ञानाला गेल्या सुमारे पन्नास वर्षांतच कळू लागले.

अन्नातला जो भाग पचत नाही, त्याला आपण चोथा म्हणतो. या शब्दातच 'टाकाऊ' असा अर्थ आहे. आहारशास्त्रानेही त्याला फार काळ तसेच मानले. १९५३ मध्ये हिप्सले यांनी त्याला 'आहारातील तंतू' या अर्थाचे इंग्रजी नाव दिले. पुढे युगांडात डॉक्टरी केलेल्या बर्किट आणि ट्रॉवेल यांनी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. चोथायुक्त अन्न खाणाऱ्या ग्रामीण आफ्रिकी लोकांत मधुमेहासारखे रोग विरळ होते. चोथ्याचा अभाव हे मधुमेहाचे एक कारण असावे, असे ट्रॉवेल यांनी १९७५ मध्ये मांडले.

पण हा पुरावा पुरेसा होता का? ती माणसे कष्टाची कामेही करत होती. दोन गोष्टी एकत्र आढळल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. त्यासाठी प्रयोगच हवा.

तो इंग्लंडमध्ये डेव्हिड जेंकिन्स व सहकाऱ्यांनी केला. त्यांनी वापरलेला एक पदार्थ आपल्या ओळखीचा आहे: गवारीच्या बियांचा डिंक. मधुमेही व्यक्तींच्या जेवणात तो मिसळल्यावर जेवणानंतरची साखर कमी वाढली (१९७६). १९७८ मध्ये त्यांनी निरनिराळे तंतू तपासले. सर्वांत चिकट असलेली गवार सर्वांत प्रभावी ठरली आणि तिचा चिकटपणा मोडताच परिणामही गेला. चिकट अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते व साखर आतड्याच्या भिंतीपर्यंत हळूहळू पोचते. त्यामुळे इन्शुलिनला आपले काम करायला अवधी मिळतो. १९८० मध्ये याच गटाला कडधान्यांनंतर साखर तृणधान्यांपेक्षा बरीच कमी वाढते असे आढळले.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत शर्मा यांनी १९८६ मध्ये मेथी तपासली. अख्ख्या मेथ्या उपयोगी पडल्या; डिंक काढून घेतलेल्या मेथ्या आणि शिजवलेला पाला यांचा परिणाम जवळजवळ दिसला नाही.

पुढचा प्रश्न क्रमाचा. २०१५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ११ मधुमेहींना एकच जेवण दोन क्रमांनी दिले. भाज्या व प्रथिने आधी आणि पाव पंधरा मिनिटांनी, असे खाल्ल्यावर तासाभरानंतरची साखर उलट क्रमापेक्षा सुमारे ३७ टक्के कमी भरली. त्या जेवणात कोंबडीचे मांसही होते, म्हणून सगळे श्रेय तंतूंना देता येत नाही. शिवाय प्रयोग लहान होता. तरी विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की आपल्या पानात कोशिंबीर डावीकडे वाढलेली असते, पण पहिला घास वरणभाताचा असतो.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. म्हणून येथे एक इशारा आवश्यक आहे. 'मेथीचे पाणी प्या, गोळ्या सोडा' असा सल्ला गावोगाव मिळतो. वरील कोणत्याही प्रयोगातून तो निघत नाही. तंतू साखरेची गती कमी करतात; औषधाची जागा घेत नाहीत.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. एका पेल्यात मेथीची पूड व पाणी, दुसऱ्यात नुसते पाणी घ्यावे. तासाभराने दोन्ही चहाच्या गाळणीतून ओतून वेळ मोजावा. मग मुलांना विचारावे: यातून पोटात काय घडते ते सिद्ध झाले, की फक्त सुचले? जेंकिन्स यांना माणसांवर प्रयोग का करावा लागला, हे त्या उत्तरातून कळेल.