दूर सारलेले ताट

दिवाळीच्या अंकात फराळाच्या ताटाविषयी लिहायचे सोडून ते दूर सारणाऱ्यांविषयी कशाला लिहिता, असे कोणी विचारील. पण सणासुदीच्या पंगतीतच ही माणसे सर्वांत अधिक कष्टी असतात, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या आईबापांना काय करावे ते सुचत नसते. म्हणून हा विषय याच अंकात शोभेल असे मला वाटते. घरात सारे असून न खाणे, किंवा अधाशासारखे खाऊन चोरून ओकून टाकणे, ही आजकालच्या पोरींची थेरं आहेत असे म्हणण्याचा प्रघात आहे. वास्तविक या विकाराची वैद्यकीय नोंद सव्वातीनशे वर्षांहून जुनी आहे. त्या नोंदी वाचत गेले की एक प्रश्न पुन्हा पुन्हा वर येतो: रोग्याच्या ताटापाशी बसायचे कोणी? डॉक्टरने, परिचारिकेने, की आईने?

लंडनचा वैद्य रिचर्ड मॉर्टन याने १६८९ साली क्षयरोगावर एक लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यात त्याने दोन विलक्षण रोगी नोंदवले आहेत. पहिली अठरा वर्षांची मुलगी. ताप नाही, खोकला नाही, तरी हाडांवर नुसते कातडे पांघरावे अशी झालेली, आणि त्या स्थितीतही रात्र रात्र पुस्तकात डोके घालून बसणारी. मॉर्टनने औषधे दिली. ती थोड्याच दिवसांत कंटाळली, आणि मला निसर्गावर सोडा म्हणाली. तीन महिन्यांनी एका मूर्च्छेत ती गेली. दुसरा एका धर्मोपदेशकाचा सोळा वर्षांचा मुलगा. त्यालाही औषधाचा गुण येईना, तेव्हा मॉर्टनने औषधांचा नाद सोडला आणि अभ्यास बंद, खेड्यातली हवा, घोड्यावरची रपेट व दूध असा उपाय सांगितला. मुलगा बराच सुधारला. हा केवळ मुलींचा रोग आहे या समजुतीला पहिल्या नोंदीतच उत्तर मिळून गेले होते. पुढे ते कोणी वाचले नाही, एवढेच.

आपल्या आयुर्वेदातही ‘अरोचक’ आहे. शोक, भय, क्रोध यांनी अन्नावरची वासना उडते हे चरकाने सांगितलेले आहे. पण येथे फरक आहे. या रोग्यांची भूक मेलेली नसते. पोटात आग पेटलेली असते आणि रोगी ती दाबून धरतो. पाश्चात्त्यांनी पुढे या विकाराला ‘अ‍ॅनोरेक्सिया’, म्हणजे क्षुधानाश, असे नाव दिले ते त्या अर्थाने चुकलेलेच होते.

नाव पडण्यापूर्वी वेल्समधल्या एका शेतकऱ्याच्या घरी जे घडले ते अंगावर काटा आणणारे आहे. सारा जेकब ही मुलगी १८६७ च्या ऑक्टोबरपासून अन्नाला शिवली नाही, अशी तिच्या आईबापांची ग्वाही होती. लोक दुरून दर्शनाला येऊ लागले, बिछान्यावर पैसे आणि भेटी ठेवू लागले. शेवटी खरेखोटे करण्यासाठी १८६९ च्या डिसेंबरात लंडनच्या गायज रुग्णालयातून परिचारिका आणून चोवीस तासांचा पहारा बसवण्यात आला. मुलीने मागितले तर द्यायचे, आपण होऊन पुढे करायचे नाही, असा त्यांना हुकूम. मुलीने मागितले नाही. ती खंगत चालली हे सर्वांना दिसत होते, पण पहारा उठवायला बाप तयार नव्हता. सतरा डिसेंबरला ती मेली. वय बारा वर्षे. बापाला एक वर्षाची सक्तमजुरी आणि आईला सहा महिन्यांची शिक्षा झाली. पहारा बसवणाऱ्या शहाण्यासुरत्यांना काहीच झाले नाही. परिचारिका ताटापाशी बसल्या होत्या खऱ्या, पण वाढण्यासाठी नव्हे, चोरी पकडण्यासाठी!

त्याच गायज रुग्णालयाचे नामांकित वैद्य सर विल्यम गल यांनी १८७३ साली लंडनच्या क्लिनिकल सोसायटीपुढे एक निबंध वाचला आणि विकाराला ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिले. निबंध पुढच्या वर्षी छापून आला. त्यात मिस ए, मिस बी व मिस सी अशा तीन मुलींची, उपचारापूर्वीची आणि नंतरची चित्रे आहेत. पहिल्या चित्रात गालाची हाडे वर आलेली, आणि दुसऱ्यात कोणीही आपल्या शेजारची म्हणावी अशी गुबगुबीत मुलगी. हा रोग बरा होतो, हे त्या चित्रांनी जगाला प्रथम दाखवले. एवढ्या कृश देहाने मिस ए दिवसभर स्वस्थ बसत नसे, याचे गलना फार नवल वाटले होते.

गलचा उपाय साधा होता. ठरलेल्या वेळी, थोड्या थोड्या अंतराने अन्न द्यायचे. रोग्याची इच्छा विचारत बसायचे नाही. अंग उबदार ठेवायचे, त्यासाठी गरम पाण्याने भरलेली रबरी नळी पाठीच्या कण्यालगत ठेवायची. औषधांवर त्यांचा फारसा भर नव्हता. मात्र त्यांनी आणखी एक वाक्य लिहिले आणि ते शंभर वर्षे पुरले. रोग्याभोवती ज्यांचा धाक चालेल अशी माणसे असावीत, आणि नातेवाईक व स्नेही हे बहुधा सर्वांत वाईट शुश्रूषक असतात, असा त्याचा आशय.

त्याच वर्षी, गलच्या काही महिने आधी, पॅरिसच्या शार्ल लासेग यांनी याच विकारावर लिहिले होते. गल रोग्याकडे पाहत होते, लासेग घराकडे पाहत होते. त्यांनी केलेले वर्णन वाचताना आपण फ्रान्समध्ये नसून एखाद्या मराठी घराच्या स्वयंपाकघरात उभे आहोत असे वाटते. आधी आवडीचे पदार्थ करून पुढे ठेवायचे. मुलगी त्यातले बोटभर चाखते आणि आपले कर्तव्य संपले असे समजते. मग विनवण्या: माझ्यासाठी एक घास. मग रागावणे, मग रडणे, आणि पुन्हा विनवण्या. कुटुंबापाशी आर्जव आणि धमकी ही दोनच हत्यारे असतात आणि दोन्ही झिजून जातात, असे लासेग सांगतात. जितका आग्रह वाढतो तितका नकार कठीण होत जातो. काऊचिऊच्या घासांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना यातला पेच निराळा समजावून द्यायला नको.

लासेगने पेच पाहिला. त्याच शहरातल्या शार्को यांनी तो तोडून टाकला. अँगुलेमहून एक मुलगी मरणपंथाला लागलेली आली होती. शार्कोंनी आईबापांना पॅरिस सोडून जायला सांगितले. ते जाईनात. अखेर पुष्कळ वादावादीनंतर ते गेले, आणि मुलगी थोडा वेळ रडून त्याच संध्याकाळी खाऊ लागली. बरी झाल्यावर ती म्हणाली की आईबाबा जवळ होते तोवर आपले दुखणे तितकेसे गंभीर नसेल असे मला वाटत होते. शार्कोंनी १८८५ च्या आपल्या व्याख्यानात ही हकीकत सांगितली आणि रोग्याला घरापासून तोडणे हा उपचारांचा पाया ठरला. अमेरिकेत वेअर मिचेल यांची अंथरुणावर पडून राहायची, भरपूर दूध पाजायची चिकित्सा त्याच सुमारास लोकप्रिय होती. पुढे १९१४ साली हाम्बुर्गच्या मॉरिस सिमंड्स यांनी मेंदूखालच्या पिच्युटरी ग्रंथीच्या नाशाने शरीर झिजते असे दाखवले, तेव्हा वीस-पंचवीस वर्षे ग्रंथीचा अर्क टोचण्याचे पर्व चालले. ते आले तसे गेले.

यापुढचा खरा प्रकाश आला तो रोग्यांवरून नव्हे, तर चांगल्या धडधाकट तरुणांवरून. दुसरे महायुद्ध संपत आले होते आणि उपाशी युरोपला पुन्हा खाऊ कसे घालावे हे कोणालाच ठाऊक नव्हते. मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी १९४४ च्या नोव्हेंबरात प्रयोग आरंभला. सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून बंदूक घ्यायला नकार देणारे छत्तीस तरुण स्वखुशीने पुढे आले. त्यांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवण्यात आले. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी असले अन्न, आणि आठवड्याला बावीस मैलांची चाल. या निरोगी तरुणांना मग काय झाले? ते पाकशास्त्राची पुस्तके जमवू लागले. ताटे चाटू लागले. एकेक घास तासभर घोळवू लागले. कॉफी आणि च्युइंगगम यांना त्यांच्यात धरबंध राहिला नाही. ते चिडखोर, एकलकोंडे, उदास झाले. एकाने तर प्रयोगाच्या उत्तरार्धात कुऱ्हाडीने आपली तीन बोटे तोडून घेतली. अन्न पूर्ववत मिळू लागल्यावरही काहींचे पोट भरल्याचे मन मानीना.

या प्रयोगाचा १९५० साली निघालेला दोन खंडांचा ग्रंथ मनोविकारतज्ज्ञांनी वाचला, तेव्हा त्यांना आपलेच रोगी त्यात दिसले. मुलगी स्वतः न खाता सर्वांसाठी लाडू वळते, ताटात भाताची शिते वेगळी करीत बसते, जरा बोलले की अंगावर येते, हे तिच्या स्वभावाचे दोष म्हणून घरोघर सांगितले जाते. त्यातले पुष्कळसे उपासमारीचे परिणाम आहेत. म्हणूनच आधी पोषण आणि मग मनाची उकल, हा क्रम आज सर्वत्र मानला जातो. मात्र फार खंगलेल्याला एकदम भरपेट घालणेही घातक असते. रक्तातले फॉस्फेट एकाएकी उतरून हृदय बंद पडू शकते. छळछावण्यांतून सुटलेली कितीतरी माणसे १९४५ साली पहिल्या पोटभर जेवणानंतर दगावली. अशा रोग्याचे खाणे वाढवायचे ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच.

इतके कळल्यावरही आईबापांचा वनवास संपला नाही. हिटलरच्या जर्मनीतून निसटलेल्या आणि पुढे अमेरिकेत ख्यातनाम झालेल्या हिल्ड ब्रुख यांनी या रोग्यांचे बोलणे जितक्या मायेने ऐकले तितके त्यापूर्वी क्वचितच कोणी ऐकले असेल. त्यांचे ‘द गोल्डन केज’ हे १९७८ चे पुस्तक म्हणजे सोन्याच्या पिंजऱ्यातल्या मुलींची कैफियत. पण पिंजरा म्हटला की तो करणाराही कोणी आला! वाचणाऱ्या प्रत्येक आईने ते बोट आपल्याकडे वळलेले पाहिले. त्याच काळात कित्येक इस्पितळांत वजन वाढले तर पत्र, त्याहून वाढले तर भेट, असा व्यवहार चालत असे. मूल वजनाच्या काट्यावर आणि आई फाटकाबाहेर. या पद्धतीने वजन वाढे, पण घरी परतल्यावर ते टिकत नसे.

ते का टिकत नाही, याचा विचार लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात झाला. तिथल्या जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली तीस रोग्यांवरून ‘बुलिमिया नर्व्होसा’ या, अतोनात खाऊन ओकण्याच्या, विकाराचे वर्णन केले. त्याच्यासाठी ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विचार व सवयी यांवर काम करणारी चिकित्सा १९८१ पासून बसवली आणि ती गुणकारी ठरली. हे दुखणे लपवता येते, म्हणून त्याचा बोलबाला उशिरा झाला. प्रिन्सेस डायना यांनी १९९५ साली दूरचित्रवाणीवर स्वतः त्याची कबुली दिली तेव्हा पुष्कळांना ते नाव पहिल्यांदा कळले.

रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली जे प्रसिद्ध केले त्याचे महत्त्व मला याहून मोठे वाटते. इस्पितळातून वजन वाढवून बाहेर पडलेल्या ऐंशी रोग्यांपैकी काहींना एकेकट्याने सल्ला मिळाला, काहींना सहकुटुंब. वयाने लहान आणि दुखणे तीन वर्षांच्या आतले, अशा मुलांत सहकुटुंब उपचार सरस ठरला. ज्यांना गलनी खोलीबाहेर काढले होते त्यांना अकरा वर्षे उणे सव्वाशे वर्षांनी, म्हणजे एकशेचौदा वर्षांनी, परत आत बोलावण्यात आले! पुढे अमेरिकेत १२१ किशोरवयीन रोग्यांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, उपचार संपल्यानंतर वर्षभराने पूर्ण बरे असलेल्यांचे प्रमाण सहकुटुंब उपचारात शेकडा ४९ आणि एकेकट्याच्या उपचारात शेकडा २३ आढळले. म्हणजे सहकुटुंब उपचारातही निम्म्यांना काही अधिक हवे होते, हेही त्यातच आले. आणि मोठ्या वयाच्या रोग्यांत कुटुंबाचा असा वरचष्मा दिसला नव्हता.

या पद्धतीत दुसऱ्याच भेटीला घरची सारी मंडळी डबा घेऊन दवाखान्यात येतात आणि चिकित्सकासमोर जेवतात. आईबापांना पहिल्यांदा सांगितले जाते ते हे, की दोष तुमचा नाही. (यात वंशाचाही भाग आहे. सुमारे सतरा हजार रोग्यांच्या जनुकांवरील २०१९ च्या अभ्यासात या विकाराशी निगडित आठ स्थाने सापडली.) मग काही काळ काय व किती खायचे हे आईबाप ठरवतात, रोग निराळा आणि मूल निराळे, असे धरून चालतात. भावंडांनी पहारेकरी व्हायचे नाही, सोबती व्हायचे. वजन सावरले की ताटाचा ताबा हळूहळू मुलाकडे परत द्यायचा, आणि शेवटी शाळा, मैत्री, वाढते वय यांच्या गोष्टी बोलायच्या.

आपल्याकडे हा विकार नाही असे कित्येक वर्षे म्हटले जाई. दिल्लीच्या डॉक्टरांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या रोग्यांत लठ्ठपणाची भीती ठळक नव्हती. जेवण नकोसे होणे, ओकाऱ्या, वजन घटणे अशाच तक्रारी होत्या. हाँगकाँगमध्येही असे रोगी आढळले होते, आणि गमतीची गोष्ट अशी की गल व लासेग यांच्या वर्णनांतही लठ्ठपणाची भीती कोठे नाही. तेव्हा मुलगी ‘मी जाड आहे’ म्हणत नाही, म्हणून निर्धास्त राहू नये. उपवासाच्या घरात तर नकार सहज पुण्याच्या पदरात लपतो. भेटताक्षणी ‘केवढी वाळलीस गं’ किंवा ‘तब्येत सुधारली हो’ म्हणण्याची आपली जी रीत आहे, ती अशा मुलामुलींच्या कानात आठवडेच्या आठवडे घुमत राहते. सरकारची १४४१६ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. तिथे रोग्याप्रमाणेच त्याच्या घरच्यांनाही बोलता येते.

मॉड्सलीच्याच जेनेट ट्रेझर यांनी घरच्यांसाठी २००७ साली सहकाऱ्यांसह एक पुस्तक लिहिले. त्यांची प्राण्यांची उपमा आता सर्वत्र सांगितली जाते. मुलाला पोटाच्या पिशवीत कोंबणारी कांगारू, शिंग रोखून धावणारा गेंडा, वाळूत मान खुपसणारे शहामृग, आणि सारखी डोळ्यांतून पाणी काढणारी जेलीफिश. दर घरात यांतले दोन-तीन तरी निघतातच. लासेगच्या आर्जवाला आणि धमकीला इथे नवी रूपे मिळाली आहेत. ट्रेझरबाई म्हणतात, डॉल्फिन व्हा. बुडणाऱ्याच्या बाजूने पोहावे, कधी थोडे पुढे जाऊन वाट दाखवावी, कधी नाकाने हलके ढकलावे, आणि तो स्वतः हातपाय मारू लागला की नुसते मागून येत राहावे.