थेम्स नदी कोणीं शुद्ध केली?

थेम्स नदीच्या शुद्धीकरणाचें सर्व श्रेय जोसेफ बॅझलजेट या स्थापत्यविशारदास देण्याचा प्रघात आहे. १८५८ च्या उन्हाळ्यांत नदीची दुर्गंधी पार्लमेंटच्या दालनांत शिरली, ऑगस्टांत तातडीनें कायदा झाला, आणि बॅझलजेटनें भूमिगत गटारें बांधून नदी स्वच्छ केली, अशी ही कथा. त्यांतील पहिलीं दोन विधानें निर्विवाद आहेत. तिसरें मात्र आम्हांस मान्य करवत नाहीं.

तीं गटारें म्हणजे अचाट काम होतें. १८६६ सालची लंडनची अखेरची मोठी पटकीची साथ मुख्यतः पूर्वभागांत पसरली. गटारांचें काम अपुरें होतें तेंहि तेथेंच. परंतु या गटारांनीं मैला शुद्ध केला नाहीं, केवळ हलविला. उत्तर तीरावर बेक्टन व दक्षिण तीरावर क्रॉसनेस येथें तो हौदांत सांठवून ओहोटी लागतांच जसाच्या तसा नदींत सोडीत, आणि पुढील भरतीबरोबर त्याचा बराच भाग परत येई. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत पाण्यांत मलमूत्र टाकण्याचा निषेध आहे. गांवाच्या खालच्या अंगास टाकल्यास चालेल अशी सवलत आम्हांस तेथें आढळली नाहीं!

३ सप्टेंबर १८७८ रोजीं 'प्रिन्सेस ॲलिस' ही उतारूंची आगबोट याच भागांत दुसऱ्या जहाजाच्या धडकेनें बुडाली. सुमारें तासाभरापूर्वींच तेथें मैला सोडण्यांत आला होता. ६०० हून अधिक माणसें दगावलीं, आणि ज्या पाण्यांत तीं पडलीं त्याची चर्चा सर्वत्र झाली. १८८२ सालीं रॉयल कमिशन नेमलें गेलें. त्यानंतर चुना व लोहक्षार घालून गाळ खालीं बसविण्यास आरंभ झाला आणि १८८७ पासून तो गाळ जहाजांनीं समुद्रांत नेऊन टाकूं लागले (ही वहिवाट थेट १९९८ पर्यंत चालली). १८९० नंतर मासे पुन्हा दिसूं लागले. आमच्या मतें शुद्धीकरणाचा आरंभ येथून धरावा.

तथापि निवळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. विरघळलेली घाण कुजतांना पाण्यांतील प्राणवायु शोषून घेते व मासे गुदमरतात. ही घाण सूक्ष्म जीवांकडूनच खाववावी, हें मेट्रोपोलिटन बोर्ड ऑफ वर्क्सचा रसायनज्ञ डिब्डिन यानें तेव्हांच ओळखलें होतें. पुढें १९१४ सालीं मँचेस्टरजवळ डेव्हिहुल्म येथील आर्डर्न व लॉकेट यांनीं त्याची सुलभ रीत प्रसिद्ध केली: मैलापाण्यांत हवा खेळवावयाची, आणि तळाशीं बसलेला जिवंत गाळ टाकून न देतां नव्या मैल्यांत विरजणाप्रमाणें मिसळावयाचा. जें काम नदीला अनेक दिवस पुरतें, तें कांहीं तासांत होऊं लागलें.

लंडनमध्यें ही रीत पुरेशा प्रमाणांत येण्यास फार उशीर झाला. वस्ती वाढली, युद्धांत गटारांची हानि झाली, आणि १९५७ च्या पाहणींत क्यूपासून ग्रेव्हझेंडपर्यंत वाम सोडून मासाच आढळला नाहीं. बॅझलजेटचीं गटारें तर जागच्या जागीं शाबूत होतीं! १९६४ सालीं क्रॉसनेसचा व त्यानंतरच्या दशकांत बेक्टनचा विस्तार झाला. १९७४ च्या नोव्हेंबरांत शतकाहून अधिक काळ नाहींसा झालेला सॅमन मासा वेस्ट थरक येथील वीजघराच्या जाळींत सांपडला.

मैला व पावसाचें पाणी एकाच गटारांतून नेण्याचा जुना दोष मात्र राहिला होता. पाऊस पडला कीं गटारें नदींत ओतूं लागत. त्यासाठीं नदीखालून काढलेला २५ किलोमीटरांचा बोगदा २०२५ सालीं पूर्णपणें जोडला गेला. त्यांत सांठणारें पाणीहि शेवटीं बेक्टनलाच शुद्धीकरणासाठीं न्यावें लागतें.